पाणवठा बंद करण्याची तारीख

माझ्या माडीवर दोन वर्षांपासून व्हिडिओ गेम बनतात. बुलढाण्यात हे वाक्य मी सहसा उच्चारत नाही. एकदा पेन्शनीच्या कामाला गेलो असताना उच्चारलं, तर समोरच्या बाबूनं माझा हयातीचा दाखला पुन्हा एकदा नीट वाचून पाहिला.

भाडेकरू म्हणजे जिल्ह्यातल्या उंद्री गावची दोन भावंडं. थोरली रेणुका, धाकटा नागसेन. वडील शाळामास्तर, दोघंही इंजिनिअर, आणि दोघांनीही पुण्यातल्या नोकऱ्या सोडून इकडं येण्याचा निर्णय स्वखुशीनं घेतलेला. त्यामुळं गावात त्यांच्या तब्येतीची बराच काळ चौकशी होत असे. जिन्याच्या तोंडाशी पाटी आहे: 'उंद्री गेम्स. पहिला मजला. चपला खाली काढाव्यात.' शेवटचं वाक्य माझं.

मला या धंद्यातलं काही कळत नव्हतं. एकदा विचारलं तेव्हा नागसेन म्हणाला, "काका, सिनेमात कसं, मारामारीचा येगळा, रडायचा येगळा, भुताचा येगळा. तसंच आहे हे. त्याले जॉनर म्हणते."

"मग तुमचा कोणता?"

"तोच तं घोळ आहे. आमचे चार गेम आहेत, अन् चारही येगळे."

पहिला 'घाटउतार', हा नागसेनचा. राजूर घाटातून मोटरसायकल खाली आणायची. मधे म्हशी, समोरून ट्रक, वळणं आंधळी. वळण आलं की हॉर्न द्यायचा आणि त्याचा आवाज कसा परत येतो ते ऐकायचं. आवाज आखूड आला तर पलीकडं ट्रक आहे, लांब घुमत आला तर रस्ता मोकळा. बत्तीस लाख लोकांच्या फोनमध्ये हा गेम आहे. त्यांतल्या निदान एकतीस लाखांनी राजूर घाट पाहिलेला नाही, आणि गेम खेळल्यावर पाहण्याची इच्छाही उरलेली नसावी.

दुसरा 'पोती'. टेम्पोत पोती अशी रचायची की एकही पडू नये. तिसरा 'तंटा'. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणाऱ्या दोन भावांना नुसतं बोलून समेटाला आणायचं. त्यातली बोलणी मी लिहून दिली होती. खेळणाऱ्यांपैकी निम्म्यांनी भांडण मिटवण्याऐवजी वाढवत नेलं, कारण वाढवण्यात मजा जास्त येत होती. याचा दोष मला देण्यात आला आणि मी तो आनंदानं घेतला.

चौथा 'पाणवठा'. हा रेणुकाचा, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

त्यात एक विहीर आहे. बस. तुम्ही येता, बादली सोडता, पाणी शेंदता. पाण्याबरोबर बादलीत एक आवाज येतो, कोणीतरी तुमच्याआधी येऊन ठेवून गेलेला. जाताना तुम्हीही पाच सेकंदांचा एक आवाज विहिरीत सोडू शकता; तो पुढच्या कोणाच्या तरी बादलीत निघतो. मी शेंदलं तेव्हा मला साखरखेर्ड्याच्या कुठल्याशा शाळेची घंटा मिळाली होती. दुसऱ्यांदा कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. तिसऱ्यांदा एक बाई नुसती म्हणाली, "झालं बाई एकदाचं." काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्या दिवशी मलाही बरं वाटलं.

गुण नाहीत, जिंकणं नाही, हरणं नाही. रोज येणारे लोक तीनशे बारा.

कुठलाही गेम बाहेर पडण्याआधी बनाबाईंच्या हाती जाई. बनाबाई आमच्या जिन्यापाशी भाजी घेऊन बसतात. चष्मा कपाळावर ठेवून त्या खेळत. त्यांना समजलं नाही, तर गेम पुन्हा माडीवर. पुण्यामुंबईत यासाठी पगारी माणसं ठेवतात म्हणे. आमच्याकडं बनाबाई या कामाचा मोबदला घेत नसत, उलट खेळताना गिऱ्हाईक आलं तर त्यालाच दटावत, "थांब ना बापा, ट्रक येऊन राह्यला!"

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. चारही गेमसाठी लागणारं सामान, म्हणजे आवाज, झाडं, माणसं, सावल्या, सगळं दोघांनी संगणकावर एकाच ठिकाणी ठेवलं होतं. त्या जागेला ते 'रांजण' म्हणत. जे बनेल ते रांजणात टाकायचं आणि ज्याला जे लागेल त्यानं घ्यायचं. कोणी काय टाकलं, कोणी काय नेलं, याची नोंद नाही. एका घरात राहणाऱ्या माणसांना अशा नोंदी ठेवणं सुचतच नाही.

फेब्रुवारीत बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीनं उंद्री गेम्स विकत घ्यायची तयारी दाखवली. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगायचं नाही असं आधीच लिहून घेतलं होतं. तिनं दोन वर्षांत असे अकरा स्टुडिओ घेतले होते. नागसेननं मला त्यांतल्या सहा ठिकाणचे नवे गेम दाखवले. सहाही ठिकाणी एक मुलगा रस्त्यावरून पळत होता. टोप्या वेगळ्या होत्या.

कंपनीकडून दोघं आली. श्रद्धा नावाच्या एक मॅडम, मूळच्या पुण्याच्या, पस्तिशीच्या. आणि चिन्मय नावाचा इंजिनिअर, जो बूट काढल्यावर आपले मोजे फाटके आहेत हे लक्षात येऊन दिवसभर पाय खुर्चीखाली घेऊन बसला.

मी चहा घेऊन वर गेलो आणि कप परत न्यायचे आहेत या सबबीवर तिथंच थांबलो.

"तुमचं काम सुंदर आहे," श्रद्धा म्हणाल्या. "फक्त फोकस नाहीये. चार गेम, चार जॉनर. आमच्या बोर्डाला हे समजावून सांगता येत नाही."

त्यांनी एक कागद पुढं केला. तक्ता होता. 'घाटउतार'पुढं लिहिलं होतं: वाढवणे. बाकी तिघांपुढं: सनसेट, ३१ मार्च.

"सनसेट म्हंजे?" रेणुकानं विचारलं.

"बंद."

सूर्यास्त हा रोज होणारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप दुरुस्त होणारा प्रकार आहे, अशी माझी आजवर समजूत होती.

"'पोती' अन् 'तंटा' बंद झाले तं ते लोकायच्या फोनमधे राहतीन," रेणुका सावकाश म्हणाली. "नवे कोणी घेणार नाही, एवढंच. पण पाणवठा सर्व्हरवर आहे. तो बंद म्हंजे विहीरच नाही. आतले सगळे आवाज जातीन."

"तीनशे बारा युजर आहेत ना?" श्रद्धांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. "आणि ते कोण आहेत हेही आपल्याला माहीत नाही. लॉगिन नाही, नाव नाही, फोन नंबर नाही. मला खरंच कुतूहल आहे, साइन-अप का नाही ठेवलंत?"

रेणुकानं कागद सरळ केला. "आमची पणजी विहिरीपाशी घागर ठेवून बाजूले उभी राहायची, मॅडम. कोणी वरून वाढलं तं पाणी, नाही तं उभंच. कोणाची कोण, ते सगळ्यायले माहीत असे. म्हणून आमच्या विहिरीवर नाव इचारत नाही."

माझ्या आजोबांची विहीर होती. तिथं नाव विचारत नसत, कारण विचारायची गरजच पडत नसे. मी कप गोळा केले आणि खाली गेलो. चहा कोणाचाच पिऊन झालेला नव्हता, हे जिना उतरल्यावर माझ्या लक्षात आलं.

पाहुणे हॉटेलवर गेले. संध्याकाळी भावंडांचं भांडण झालं. माझ्या माडीची फरशी पातळ आहे, आणि मी रेडिओ बंद केला होता.

"ताई, तीनशे बारा लोक!" नागसेन म्हणत होता. "बत्तीस लाखापुढं तीनशे बारा! तू इचार तं कर!"

"मी कुठं काय म्हणली बे?"

"तेच तं! तू काही म्हणतच नाही. भांड ना माह्याशी!"

"काऊन भांडू?"

"ताई, आपल्याले दोघांलेच सगळं करा लागते. चित्र आपणच, आवाज आपणच, लोकायच्या शिव्या खायच्या त्याही आपणच. त्यांच्याकडं तीस जणांची टीम आहे. मले एकदा तरी घाट नीट करायचा आहे. पावसासकट. धुक्यासकट. माह्या मनात आहे तसा."

दोघं निम्म्यानिम्म्याचे भागीदार. दोघांच्या सह्यांशिवाय व्यवहार होणार नव्हता. म्हणजे रेणुका नुसती गप्प बसली असती तरी पाणवठा वाचला असता. ती म्हणाली, "मी करीन सही. तुह्या आड नाही येणार. फक्त लोकायले आधी कळवा लागन. न सांगता कोणाचं पाणी तोडत नसते."

"कसं कळवशीन? कोणाचा नंबर आहे आपल्याकडं?"

"पाहीन मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिन्मय एकटाच आला. मोजे नवे होते. त्याचं काम होतं 'घाटउतार' बाकीच्या तिघांपासून सुटा करून, एकटा चालतो की नाही ते पाहणं. त्यानं रांजण उघडला आणि डोक्याला हात लावला.

"यातलं कुठलं कोणाचं आहे?"

"आमचं," नागसेन म्हणाला.

"तसं नाही. कुठल्या गेमचं?"

"ते कसं सांगू? भाजीत मीठ कोणत्या डब्यातलं आहे ते सांगता येते का?"

चिन्मयनं दुपारपर्यंत खपून एक प्रत तयार केली, जिच्यात 'घाटउतार' होता आणि बाकी कशाचाही मागमूस नव्हता. गेम सुरू झाला. मोटरसायकल पळाली. नियमाप्रमाणं फोन बनाबाईंच्या हाती देण्यात आला.

पहिल्या वळणावर बनाबाई ट्रकवर आदळल्या. दुसऱ्यांदा खेळल्या, पुन्हा ट्रक. तिसऱ्यांदा म्हैस.

"मावशी, झोपल्या का आज?" नागसेन हसला.

"मी नाही झोपली, तुहा घाट झोपला! हारन देऊन राह्यली, तं पल्याडून काहीच येत नाही. मुका झाला का काय? माणसानं वळावं तरी कसं?"

नागसेननं फोन घेतला. हॉर्न दिला. हॉर्न वाजला आणि विरून गेला. परत काहीच आलं नाही. त्यानं चिन्मयकडं पाहिलं. चिन्मयनं यादी चाळली.

"परत येणारे आवाज या प्रतीत नाहीयेत. ते दुसऱ्या गेममधून उचललेले दिसतायत. थांबा." त्यानं रांजणात शोधलं. "हे बघा. 'भरली', 'अर्धी', 'रिकामी'. हे काय आहे?"

"विहीर," जिन्यात उभी असलेली रेणुका म्हणाली. "उंद्रीची. घाटाच्याही आधी तीन येळा जाऊन घेतले होते. सप्टेंबरात भरलेली असते, तवा हाक आखूड येते. मे महिन्यात रिकामी, तवा घुमून येते."

नागसेन तिच्याकडं पाहत राहिला. घाट बनवताना त्याला वळणांसाठी आवाज हवे होते. रांजणात हात घालून जे हाताला लागलं ते त्यानं घेतलं होतं: ट्रकसाठी भरलेली विहीर, मोकळ्या रस्त्यासाठी रिकामी. कोणाची, ते विसरून गेला होता. बत्तीस लाख लोक राजूर घाटात हॉर्न देत होते आणि उंद्रीची विहीर त्यांना ओ देत होती.

"हे तू सांगितलं काऊन नाही?"

"त्यात काय सांगायचं? रांजणातलं होतं."

बनाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. "असंच असते माय," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक वांगे घ्याले येते, अन् परत येते ते कोथिंबिरीपायी. कोथिंबिरीची पाटी आजवर कोणी लावली का?"

चिन्मय म्हणाला, "काळजीचं कारण नाही. खरेदी झाल्यावर तसंही सगळं कंपनीचंच. एवढे तीन आवाज काढून घेतो. मूळ गेममध्ये ते कसे वाजतात तेवढं एकदा बघतो."

आणि त्यानं पाणवठा उघडला. आयुष्यात पहिल्यांदाच उघडत असावा, कारण बादली सोडायची कशी हे कळायला त्याला जरा वेळ लागला. फोनचा आवाज मोठा होता. बादली खाली गेली, पाण्याला लागली, वर आली. बादलीतून रेणुकाचा आवाज आला, सपाट, नळयोजनेची सूचना वाचावी तसा:

"एकतीस मार्चपासून इथं पाणी मिळणार नाही. दुसरीकडं पाहा."

तिनं कळवलं होतं. ज्यांचं नाव नाही, पत्ता नाही, त्यांना कळवण्याचा दुसरा रस्ता तिच्यापाशी नव्हता. विहिरीत सांगून ठेवायचं. जो येईल त्याला कळेल.

चिन्मयनं फोन उलटा ठेवला. बनाबाईंचा हात थांबला. त्यांनी रेणुकाकडं पाहिलं आणि नजर वळवली. माझ्या पिढीतल्या आणि त्याआधीच्या माणसांना ते वाक्य नवं नव्हतं. फक्त ते कोणी बोलायचं आणि कोणी ऐकायचं, हे आजवर ठरलेलं असे, आणि बोलणारे आमच्याकडचे असत.

नागसेन जिना चढून वर गेला. संध्याकाळपर्यंत खाली आला नाही.

तिसऱ्या दिवशी सह्या व्हायच्या होत्या. श्रद्धा वेळेवर आल्या. करार सत्तावन्न पानांचा होता. नागसेननं तो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, सही करतो. त्याआधी एक इचारू?"

"विचारा ना."

"घाटउतार झाल्यावर आम्ही काय बनवायचं?"

"घाटउतार दोन."

"अन् मग?"

"तीन. त्यात पाऊस, धुकं, तुम्हाला हवं ते."

"मग?"

"चार." त्या हसल्या. "तुम्हाला पुढचं दशक काम आहे, असं समजा."

"मॅडम, घाट कुठंतरी खाली पोचतो," नागसेन म्हणाला. "खाली पोचल्यावर काय?"

श्रद्धांनी पेनाचं टोपण लावलं.

"मी लय इचार केला. घाटात जे चांगलं आहे ना, ते मी बनवलेलंच नाही. ते ताईनं बनवलं, अन् तेही घाटासाठी नाही. ती विहिरीसाठी विहीर करत होती. उद्या पाणवठा बंद, तंटा बंद. मी धुकं करीन, पाऊस करीन. पण जे माह्या डोक्यात नाही, ते कोठून आणू? तुमच्या तीस जणायच्या डोक्यातही घाटच राहीन."

"भावनिक मुद्दा म्हणून मी समजू शकते—"

"भावनेचं नाही सांगून राह्यलो. धंद्याचं सांगून राह्यलो." मग तो जरा थांबला. "थोडं भावनेचंही आहे."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"घाटउतार घेऊन जा. एकटा. बाकी तीन आमच्याकडं, स्टुडिओ आमच्याकडं, आम्हीबी इथंच. जे भाव कमी होईन ते होईन."

रेणुका ताडकन म्हणाली, "अबे नागू! तुहाच गेम? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तू गप. परवा भांड म्हणलं तं भांडली नाही. आता भांडू नको."

"अन् ते आवाज?" चिन्मयनं विचारलं. "ते नसले तर घाट चालत नाही."

रेणुका भावाकडं पाहत होती. मग तिनं चिन्मयकडं मान वळवली. "इरजन मागितलं तं कोणी नाही म्हणते का? घेऊन जा ना. दिल्यानं आमचं दही थोडंच कमी होते. फक्त भांडं उचलून नेऊ नका, म्हंजे झालं."

श्रद्धा खिडकीपाशी गेल्या. त्यांनी फोन लावला नाही. आधी पाठमोऱ्याच बोलल्या. "आठ वर्षांपूर्वी पुण्यात आम्ही पाच जण शब्दांचा एक गेम करत होतो. म्हणी जुळवायच्या. फार कोणी खेळायचं नाही. आम्हाला विकत घेतलं गेलं आणि एका गुरुवारी तो बंद झाला. मी तेव्हा टेबलाच्या तुमच्या बाजूला होते. सही करताना मला वाटलं, पुढं काहीतरी मोठं करू."

"केलं?" नागसेननं विचारलं.

"पळणारा मुलगा केला," त्या म्हणाल्या. "पिवळ्या टोपीचा."

मग त्यांनी फोन लावला. चाळीस मिनिटं इंग्रजीत बोलल्या. त्यात 'उंद्री' हा शब्द मी अकरा वेळा ऐकला. बंगळुरूत तो यापूर्वी इतक्यांदा उच्चारला गेला असेल असं वाटत नाही. कंपनी तयार झाली. किंमत तिसरा हिस्सा. शिवाय एक अट: या दोघांनी तीन वर्षं दोन चाकांच्या कुठल्याही वाहनाचा गेम बनवायचा नाही. बैलगाडीलाही दोनच चाकं असतात, हे मी निदर्शनाला आणून दिलं. त्यावर चर्चा झाली आणि अट होती तशीच राहिली. त्यामुळं आमच्या माडीवर तूर्त बैलगाडीला बंदी आहे.

कागद पुन्हा छापून आला, तक्ता मात्र जुनाच राहिला होता. सनसेटच्या तक्त्यातल्या तीन ओळी श्रद्धांनी स्वतः पेनानं खोडल्या, आणि प्रत्येक ओळीपाशी दोघांच्या आद्याक्षरांच्या सह्या घेतल्या. साक्षीदार म्हणून सही माझी. जाताना त्यांनी बनाबाईंकडून दोन जुड्या मेथी विकत घेतली. बंगळुरूला विमानातून मेथी नेणारी त्या पहिल्याच बाई असतील, किंवा हॉटेलवर ठेवून गेल्या असतील. खोटं कशाला सांगू.

त्या दुपारी रेणुकानं विहिरीतली आपली सूचना काढून टाकली. मी म्हटलं, ज्यांनी आधीच ऐकली त्यांचं काय? ती म्हणाली, ते येतीन तं त्यायले कळीन, नाही येणार तं नाही कळणार. त्या महिन्यात रोज येणारे तीनशे बाराचे दोनशे सत्तर झाले. बेचाळीस माणसं 'पाणी मिळणार नाही' हे ऐकून गेली ती गेलीच. आपण आलो होतो हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि गेल्याचंही सांगितलं नाही. त्यांना परत बोलावण्यासाठी काही करता येण्यासारखं नव्हतं.

'घाटउतार' मात्र जोरात आहे. चाळीस लाखांवर गेला म्हणतात. दर दोन वळणांनी मधे जाहिरात येते, आणि मोटरसायकलवाल्याला त्यांनी टोपी घातली आहे.

नागसेन चार दिवस वर फिरकला नाही. पाचव्या दिवशी सोमवारी सकाळी आला, चपला काढल्या, खुर्चीवर बसला आणि संगणक सुरू केला. मग लक्षात आलं की उघडायला काही नाही. इतके दिवस सकाळी जे पहिलं उघडायचं, ते आता दुसऱ्याच्या घरी होतं. तो रिकाम्या पडद्याकडं बघत बसला. मी चहा आणला होता. तो ठेवला आणि सवयीप्रमाणं थांबलो.

रेणुका तिच्या जागेवर काम करत होती. तिनं मान वर केली नाही. भावाला बरं वाटावं असं काही बोलणं तिला जमत नाही, आणि त्यालाही ते ऐकवलं नसतं.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "ताई, काय करून राह्यली?"

"दोर."

"दोराले काय झालं?"

"स्वस्त फोनवर तुटून राह्यला. बादली अर्ध्यातून खाली पडते. बनाबाईच्या फोनवर पाह्यलं काल. मले जमून नाही राह्यलं."

"किती दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुले येळ कुठं होता?"

नागसेन उठला. त्याची खुर्ची जुनी आहे, फरशीवर ओढली की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येते. त्यानं ती ओढत तिच्या टेबलापाशी नेली.

"सरक," तो म्हणाला. "दाखव कुठं तुटते ते."